आरव्ही सहलीचा पहिला दिवस: चार कुटुंबं, दोन गाड्या आणि उजेड असताना मुक्कामी पोचणं

लास व्हेगासला आरव्ही, म्हणजे आत पलंग, स्वयंपाकघर, संडास असलेली मोठी गाडी, भाड्यानं घ्यायची आणि चार मित्रकुटुंबांनी मिळून युटातली झायन, ब्राइस कॅन्यन ही नॅशनल पार्कं करून यायचं, हा बेत अमेरिकेतल्या मराठी घरांत आता नेहमीचा झाला आहे. कॅम्पसाइट सहा महिने आधी धरलेली असते, कोण काय शिजवणार हेही ठरलेलं असतं, आणि तरी पहिल्याच दिवशी सगळं कोलमडतं. दुपारी एकला गाडी ताब्यात मिळणार असते, चाकं हलतात साडेपाचला. मग अंधार, अनोळखी रस्ता, पंचवीस-तीस फुटांची गाडी जन्मात पहिल्यांदा चालवणारा माणूस आणि मागे भुकेली मुलं. आमच्या पहिल्या सहलीत आम्ही रात्री साडेअकराला पोचलो आणि मोबाइलच्या उजेडात विजेची केबल जोडली. त्यानंतर पहिल्या दिवसाची आखणीच बदलली, आणि तशी वेळ पुन्हा आली नाही. ती आखणी क्रमानं देते आहे. उदाहरण व्हेगासचं आहे. डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीहून निघालात तरी क्रम हाच राहील.

टप्पा १: सूर्यास्तापासून मागे मोजा

बहुतेक जण गाडी मिळण्याच्या वेळेपासून पुढे मोजतात. "एकला गाडी, दोनला निघू, पाचला झायन." चूक इथेच होते. मोजणी सूर्यास्तापासून उलटी करायची.

ऑक्टोबरच्या मध्याला व्हेगासमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. नवख्या माणसाला गाडी जागेवर मागे घेऊन लावायला, समतल करायला आणि वीज-पाणी जोडायला पाऊण तास लागतो. म्हणजे मुक्कामी सव्वापाचला पोचायला हवं. आता दुसरं टोक बघा. कागदपत्रं आणि रांग पाऊण तास, गाडीची माहिती एक तास, सामान चढवणं पाऊण तास, सराव पंधरा मिनिटं. एकला सुरुवात केली तर पावणेचार वाजतात, तेही काहीच बिघडलं नाही तर. पावणेचार ते सव्वापाच. तुमच्या हातात प्रवासासाठी दीड तास आहे.

दीड तासात झायन होत नाही. व्हेगासहून झायनच्या दाराशी असलेलं स्प्रिंगडेल सुमारे १६० मैल आहे. गूगल मॅप्स दाखवतं ती वेळ कारची असते. आरव्हीला तिच्या सव्वापट धरा, म्हणजे वाटेत न थांबता जवळजवळ साडेतीन तास. त्यात युटाचं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे. पावणेचारला निघालेली गाडी स्प्रिंगडेलला पोचते तेव्हा तिथे सव्वाआठ वाजलेले असतात, आणि सूर्य मावळून तास उलटलेला असतो.

म्हणून पहिला मुक्काम जवळ ठेवा. व्हॅली ऑफ फायर हे नेवाडाचं स्टेट पार्क व्हेगासच्या ईशान्येला सुमारे ५० मैलांवर आहे, इंटरस्टेट १५ वरून ७५ नंबरचं एक्झिट. तिथल्या अॅटलाटल रॉक कॅम्पग्राउंडमध्ये वीज-पाण्याची सोय असलेल्या आरव्हीच्या जागा आहेत, आणि लाल खडकांत मुलांना संध्याकाळ पुरत नाही. खाजगी आरव्ही पार्क हवं असेल तर मेस्कीट हे गाव साधारण ८० मैलांवर आहे. दोन्ही नेवाडात असल्यानं घड्याळाचा तास जात नाही. झायन दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोळ्यांनी करा.

थँक्सगिव्हिंगला जाणार असाल तर हेही गणित चालत नाही. तेव्हा व्हेगासमध्ये साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. पहिली रात्र सरळ व्हेगासमधल्याच एखाद्या आरव्ही पार्कमध्ये काढा.

तपासा: पहिल्या रात्रीची जागा धरताना "पुल-थ्रू" मिळते का बघा. या जागेत गाडी एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर जाते, मागे घ्यावी लागत नाही. पुढच्या मुक्कामांना नसली तरी चालेल, पहिल्याला असावी.

टप्पा २: शेवटचं विमान आदल्या रात्री उतरलं पाहिजे

एक कुटुंब न्यू जर्सीहून, एक शिकागोहून, दोन बे एरियातून. गाडी एकला, म्हणून कुणीतरी सकाळी साडेअकराला उतरणारं विमान घेतं. ते तासभर उशिरा येतं, बॅगा यायला अर्धा तास, विमानतळावरून आरव्हीच्या यार्डपर्यंत टॅक्सी, आणि तोवर उरलेली तीन कुटुंबं उन्हात उभी. यार्ड विमानतळाला लागून नसतं, हेही पुष्कळांना ऐनवेळी कळतं.

आमचा नियम आता पक्का आहे: सगळ्यांनी आदल्या रात्रीपर्यंत व्हेगासला पोचायचं. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च जास्त वाटतो, पण वाया गेलेल्या दिवसाचं भाडं, कॅम्पसाइट आणि चिडचिड यांच्यापुढे तो काहीच नाही. गाडी चालवणाऱ्यांनी तरी हा नियम मोडू नये. पूर्व किनाऱ्यावरून आलेल्या माणसाच्या शरीराला व्हेगासचे संध्याकाळचे सहा म्हणजे रात्रीचे नऊ असतात, आणि तो पहाटे चारला उठून विमानतळावर गेलेला असतो. त्याच्या हातात पहिल्या दिवशी स्टिअरिंग देऊ नका.

सावधान: बॅगा मऊ, घडी होणाऱ्या आणा. कडक कवचाच्या मोठ्या सुटकेसला आरव्हीत जागाच नसते. आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांच्या बॅगांचं आधीच बोलून ठेवा. रिकाम्या बॅगा यार्डमध्ये ठेवू देतात का, हे बुकिंगच्या वेळी विचारा. काउंटरवर विचारलंत तर नकाराची तयारी हवी.

टप्पा ३: बुकिंगनंतर एक फोन, पाच प्रश्न

हा फोन सहलीच्या दोन-तीन आठवडे आधी करायचा. वेबसाइट वाचून भागत नाही.

१. सीटबेल्ट किती आहेत? "सात जणांची झोपायची सोय" म्हणजे सात जणांची बसायची सोय नव्हे. काही गाड्यांत पलंग सात आणि पट्टे पाच असतात. चालत्या गाडीत आजी मागच्या पलंगावर आडव्या होतील, हा बेत मनातून काढून टाका.

२. मागच्या सीटना खांद्यावरून येणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा? लहान मुलं असलेल्यांनी हा प्रश्न सोडू नये. बूस्टर सीटला कमर आणि खांदा दोन्ही धरणारा पट्टा लागतो, आणि आरव्हीच्या जेवणाच्या टेबलाजवळच्या सीटना पुष्कळदा फक्त कमरेचा असतो. कार सीट पुढे तोंड असलेल्या सीटवरच बसवायची. आडव्या सोफ्यावर किंवा मागे तोंड करून असलेल्या सीटवर नाही. हे यार्डमध्ये कळलं तर एका मुलाची बसायची सोयच उरत नाही. आमच्या ओळखीच्या एका गटाला त्यासाठी ऐनवेळी वेगळी कार भाड्यानं घ्यावी लागली आणि दोन तास गेले.

३. ड्रायव्हर म्हणून ज्यांची नावं घालायची, त्या सगळ्यांना लायसन्ससह हजर राहावं लागतं का? बहुधा हो. प्रत्येक गाडीला किमान दोन ड्रायव्हर ठेवा, आणि त्यांना किराण्याला पाठवू नका.

४. अनामत रक्कम कुठल्या कार्डावर? साधारणपणे मुख्य भाडेकरूच्या नावाचं क्रेडिट कार्डच लागतं. कार्डाची मर्यादा आधी बघा, विमानं आणि हॉटेलं त्याच कार्डावर घेतली असतील तर नक्कीच. परदेशी कार्ड असेल तर बँकेला आधी कळवा.

५. गाडी ताब्यात घ्यायची सगळ्यात लवकरची वेळ कोणती आणि ऑफिस बंद कधी होतं? काही ठिकाणी जादा पैसे भरून सकाळची वेळ मिळते. चार कुटुंबांत तो खर्च वाटला तर माणशी फार येत नाही. मी तो दरवेळी करते. बंद व्हायच्या वेळेनंतर पोचलात तर गाडी दुसऱ्या दिवशी मिळते आणि त्या दिवसाचं भाडं जातं.

बऱ्याच कंपन्या गाडी कशी वापरायची याचे व्हिडिओ आधी पाठवतात. ड्रायव्हरांनी आणि आणखी एका माणसानं ते घरीच, पुन्हा थांबवून थांबवून बघावेत. नाहीतर यार्डमधला सगळा तास ऐकण्यात जातो आणि तपासायचं राहून जातं.

टप्पा ४: एकाच वेळी तीन तुकड्या

चौदा माणसांनी एकत्र यार्डात जाणं हे उशिराचं सगळ्यात मोठं कारण आहे. मुलांना सावली नाही, आजोबांना बसायला खुर्ची नाही, आणि मध्येच कुणीतरी म्हणतं, "तोवर आम्ही पटकन इंडियन स्टोअरला जाऊन येतो." ते पटकन कधीच होत नाही.

पहिली तुकडी यार्डात: सगळे ड्रायव्हर आणि प्रत्येक गाडीमागे एक तपासनीस. दुसरी तुकडी किराण्याला: दोनच माणसं, एक भाड्याची कार, छापील यादी. इंडियन स्टोअरमधल्या वस्तू शक्यतो घरूनच आणा, म्हणजे ती फेरी वाचते. पोह्याचं पाकीट, भाजणी, मेतकूट, मसाले, चहा हे सगळं बॅगेत मावतं. दूध, दही, भाज्या, पाणी, बर्फ तेवढं तिथे घ्यायचं. तिसरी तुकडी मुलं आणि ज्येष्ठ मंडळी: हॉटेलवरच, चेकआउट उशिरा करून घेऊन. गाड्या तयार झाल्या की त्यांना घ्यायला जायचं किंवा त्यांना टॅक्सीनं बोलवायचं.

सावधान: आरव्हीचा फ्रिज घरच्यासारखा तासाभरात गार होत नाही. प्रोपेनवर चालणाऱ्या फ्रिजला काही तास लागतात, कधी अख्खी रात्र. यार्डवाल्यांना आदल्या दिवशी फोन करून फ्रिज सुरू करून ठेवायला सांगा, आणि तरीही पहिल्या रात्रीपुरता बर्फाचा कूलर हाताशी ठेवा.

पहिल्या रात्री स्वयंपाक करायचा नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, केळी, चिवडा. कुकर दुसऱ्या दिवशी.

टप्पा ५: काउंटर आणि गाडीची तपासणी

घाई करायची नाही अशी एकच जागा या सगळ्या दिवसात आहे, आणि लोक नेमकी इथेच घाई करतात. यार्डात वाचवलेली वीस मिनिटं वाटेत चार तासांना पडतात. माझ्या एका सहलीत पाण्याचा पंप चालत नाही हे मुक्कामी पोचल्यावर कळलं. यार्डात नळ सोडून बघितला असता तर तिथेच दुरुस्त झाला असता.

आधी व्हिडिओ. गाडीच्या चारही बाजू, टायर, काच, बाहेरची छत्री (गाडीच्या बाजूनं उघडणारं कापडी छत, ऑनिंग), शक्य असेल तर छप्पर, आणि आतले सगळे कपाटांचे दरवाजे. छत्रीचं नुकसान पुष्कळदा विम्यात बसत नाही, म्हणून ती उघडून, बंद करून, तोही व्हिडिओ.

मग प्रत्येक गोष्ट चालू करून बघा. "हे असं चालतं" एवढं ऐकून पुढे जाऊ नका.

१. फ्रिज सुरू आहे का? पहिला प्रश्न हाच, कारण त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो.
२. पाण्याचा पंप, दोन्ही नळ, गरम पाणी, संडासचं फ्लश.
३. शेगडीची प्रत्येक चूल पेटवून बघा. प्रोपेनचा मुख्य व्हॉल्व कुठे आहे ते हात लावून बघा.
४. जनरेटर, आणि तो चालू असताना एसी. हीटरही, दिवस गरम असला तरी. ऑक्टोबरात ब्राइसच्या रात्री गोठवणाऱ्या असतात.
५. मागचे दिवे, इंडिकेटर, मागचा कॅमेरा.
६. पिण्याच्या पाण्याचा पाइप, प्रेशर रेग्युलेटर, सांडपाण्याचा पाइप, हातमोजे, विजेची केबल आणि ३० व ५० अँपिअरसाठीचा अडॅप्टर. या वस्तू प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायच्या, यादीवर टिक करून नाही.
७. सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या आहेत ना? संडासच्या टाकीत थोडं पाणी आणि औषधाची गोळी घातली आहे ना?

दोन गाड्या असतील तर एकच माणूस दोन्हीकडे धावत राहतो. तसं नको. प्रत्येक गाडीचा तपासनीस वेगळा, त्याच्या हातात त्याची यादी.

तपासा: बिघडल्यावर चोवीस तास लागणारा फोन नंबर दोन्ही ड्रायव्हरांच्या मोबाइलमध्ये सेव्ह केला का? गाडीची उंची आणि रुंदी कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवली का?

उंचीचा मुद्दा पुढच्या दिवशी आडवा येतो. डोक्यावर पलंग असलेली भाड्याची आरव्ही साधारण १२ फूट उंच आणि ८ फुटांहून रुंद असते. झायनमधून ब्राइसकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या १९३० सालच्या बोगद्यासाठी मर्यादा ११ फूट ४ इंच उंची आणि ७ फूट १० इंच रुंदी अशी आहे. पूर्वी शुल्क भरून अशा गाड्या सोडत. २०२६ च्या मध्यापासून त्यांना तो रस्ताच बंद केल्याचं पार्कनं जाहीर केलं आहे. गूगल मॅप्सला तुमच्या गाडीची उंची माहीत नसते, ते बिनदिक्कत बोगद्यातूनच नेतं. हरिकेन गावाहून ५९ नंबरच्या रस्त्यानं कनाबकडे जाणारा वळसा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.

टप्पा ६: सामान आणि रिकाम्या जागेतला सराव

जड सामान खाली आणि मधोमध. कपाटांत वर काचेच्या बरण्या नकोत. दरवाजा, ड्रॉवर, फ्रिज यांच्या कड्या नीट लागल्यात का, ते निघण्याआधी एकानं मोठ्यानं म्हणत तपासावं. पहिल्या वळणावर ड्रॉवर उघडून सगळे चमचे खाली पडले की थांबावं लागतं, आणि हायवेवर थांबायला जागा नसते.

सराव यार्डातच किंवा जवळच्या मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये करा. चार डावी वळणं, चार उजवी, दोनदा मागे घेणं. आरव्हीची मागची बाजू चाकांच्या बरीच मागे जाते, त्यामुळे उजवीकडे वळताना शेपूट डावीकडे बाहेर फेकलं जातं. पेट्रोल पंपाच्या खांबाला गाडी घासते ती यामुळेच. दोन्ही ड्रायव्हरांनी सराव करायचा, पहिल्या दिवशी एकच चालवणार असला तरी.

टप्पा ७: पेट्रोल आणि रस्ता

टाकी भरलेली मिळेलच असं नाही. यार्डातून निघताना काटा बघा आणि त्याचा फोटो काढा. भाड्याच्या बहुतेक मोठ्या गाड्या पेट्रोलवर चालतात. हिरवी नळी साधारणपणे डिझेलची असते, तरी नळीवरचं नाव वाचूनच हात लावा. पेट्रोल भरताना प्रोपेनचा व्हॉल्व बंद. टाकी पन्नास गॅलनच्या आसपास असू शकते, त्यामुळे कार्डाच्या मर्यादेवर पंप मध्येच थांबतो. बिघाड समजून गोंधळू नका, पुन्हा कार्ड लावा. भारतीय कार्डाला पंप पिनकोड मागून अडतो, तेव्हा आत जाऊन आधी पैसे भरायचे.

आता दोन गाड्यांचा प्रश्न. "आम्ही तुमच्या मागेमागे येतो" हे वाक्य मला ऐकवत नाही. पुढची गाडी सिग्नल पार करते, मागची अडकते, पुढची कडेला थांबते, मागची तिला न बघता पुढे निघून जाते. एकामागोमाग जाण्याऐवजी भेटायच्या जागा ठरवा: अमुक एक्झिटचा पेट्रोल पंप, मग थेट कॅम्पग्राउंडचं दार. फोनला रेंज नसेल हे गृहीत धरून नकाशे आधीच डाउनलोड करा.

टप्पा ८: तरीही उशीर झाला तर

निघण्याची शेवटची वेळ आदल्या रात्री ठरवा आणि ग्रुपवर लिहून टाका. ऑक्टोबरच्या आपल्या उदाहरणात ती दुपारी चार आहे. चारला चाकं हलली नाहीत तर त्या रात्री व्हॅली ऑफ फायर नाही, व्हेगासमधलं आरव्ही पार्क. चर्चा नको. उन्हात थकलेली चौदा माणसं नीट निर्णय घेऊ शकत नाहीत, म्हणून तो आधीच घेऊन ठेवायचा. त्या पार्कचा नंबर हाताशी असावा.

एकच गाडी अडकली असेल तर दुसरीनं थांबू नये. मुलं, ज्येष्ठ आणि ज्याच्या नावावर बुकिंग आहे तो माणूस, यांना घेऊन पहिली गाडी पुढे जाते, जागा ताब्यात घेते. यासाठी दोन्ही गाड्यांत आपापलं पाणी, खाणं, औषधं आणि बुकिंगचे कागद असलेच पाहिजेत. सगळं जेवण एका गाडीत आणि सगळी मुलं दुसरीत, असं होऊ देऊ नका.

मग फोन. खाजगी पार्कचं ऑफिस संध्याकाळी बंद होतं, पण आधी कळवलं तर बहुतेक ठिकाणी तुमच्या नावाचं पाकीट दाराशी ठेवतात, आत जागेचा नंबर आणि नकाशा असतो. रिक्रिएशन डॉट गव्ह या केंद्र सरकारच्या बुकिंग साइटवरून घेतलेली जागा दुसऱ्या दिवशीच्या चेकआउटच्या वेळेपर्यंत राखून ठेवतात. त्यानंतर मात्र ती हातची जाते. खाजगी आणि स्टेट पार्कांना हा नियम लागू धरू नका.

सावधान: वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये रात्र काढता येते, हे सरसकट खरं नाही. दुकानागणिक आणि गावागणिक नियम बदलतो. आत जाऊन विचारल्याशिवाय तिथे मुक्काम करू नका.

अंधारात पोचलातच, तर त्या रात्री फक्त तीन गोष्टी: गाडी समतल, हँडब्रेक, वीज. केबल लावताना खांबावरचा ब्रेकर आधी बंद, प्लग पक्का बसवायचा, मग चालू. सांडपाण्याचा पाइप, छत्री, खुर्च्या सगळं सकाळी. मागे घेताना दोन माणसं टॉर्च घेऊन खाली, एक मागे आणि एक ड्रायव्हरच्या बाजूला, आणि त्यांच्यापैकी एकच जण बोलणार. रात्री दहानंतर बहुतेक कॅम्पग्राउंडांत शांततेची वेळ असते, तेव्हा जनरेटर लावायचा नाही आणि हाका मारून दिशा दाखवायची नाही. टॉर्चच्या खुणा दिवसाउजेडीच ठरवून ठेवा.

झोपण्याआधी दोन्ही गाड्यांच्या ड्रायव्हरांनी उद्या निघायची वेळ एकमेकांना सांगायची, आणि झायनला पोचायची वेळ युटाच्या घड्याळानं. वाटेत इंटरस्टेट १५ सुमारे ३० मैल अॅरिझोनातून जातो. उन्हाळी वेळ चालू असताना मोबाइलचं घड्याळ युटाच्या हद्दीवर पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर ते अॅरिझोनाच्या हद्दीवरच जातं.